कायोटीच्या कानांची टोपी

ते साल १९६७. आमच्या ड्राय फोर्क गावात ते साल लोक दुसऱ्याच गोष्टीसाठी लक्षात ठेवतात. मार्चच्या बर्फात शाळेचे छप्पर खाली आले ते साल. माझ्या हिशेबी ते साल फेब्रुवारीतच मोठे होऊन गेले होते. शाळेतल्या बँडच्या मास्तरशी माझे लग्न व्हायचे की नाही, हे त्या महिन्यात कायोटींच्या मर्जीवर सोपवण्यात आले होते.

माझे वडील ऑर्व्हल स्टेंगर मेंढ्या पाळायचे. खरे तर मेंढ्या आई पाळायची. बाबा कायोटींचा बंदोबस्त करायचे. कायोटी, म्हणजे आमच्याकडचे लांडग्याच्या जातीतले धाकटे जनावर, कोकरे न्यायचे, हे खोटे नाही. पण बाबांच्या त्या वैरात कोकरांचा वाटा फार थोडा होता. मुख्य वैर होते पलीकडच्या रँचवरच्या हार्लन बॉगसशी, आणि त्याला कारण होते एक टोपी.

दर फेब्रुवारीत, पहिल्या शनिवारी, आमच्याकडे कायोटींच्या शिकारीची शर्यत लागे. दोघादोघांच्या जोड्या पहाटे निघत आणि दिवस मावळायच्या आत ग्रेंजच्या, म्हणजे शेतकरी संघाच्या, हॉलसमोर शिकार आणून टाकत. जिंकलेल्या जोडीच्या म्होरक्याला वर्षभरासाठी टोपी मिळे. कायोटीच्या कातड्याची, आणि वर त्याचे दोन्ही कान ताठ उभे. इतर देशांत शहाण्या माणसांच्या डोक्यावर काय ठेवतात मला ठाऊक नाही, आमच्याकडे हे ठेवत. टोपी बरीच वर्षे बाबांकडे होती. ते ती घालून चर्चला जात, मयताला जात, जेवायलाही बसत.

आई म्हणायची, "ऑर्व्हल, दोन कानांनी ऐकत नव्हतास, आता चार झाले. आता तरी मीठ इकडं दे."

१९६६ च्या शर्यतीत टोपी हार्लनने जिंकली. तेव्हापासून बाबांचे जेवणावरचे मन उडाले. आणि नेमक्या अशा वेळी, पुढच्या हिवाळ्यात, लेस्टर हॅलगार्ड मला मागणी घालायला आमच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. उंच, किडकिडीत, मिनेसोटाकडचा. शाळेत मुलांना क्लॅरिनेट आणि ट्रंपेट शिकवायचा. बाबांनी त्याला बुटांपासून केसांपर्यंत न्याहाळले.

"पोरगी मागतोस होय? बरं. मास्तर, कायोटी बोलावता येतो का?"

"नाही, सर."

"जनावर बोलावता येत नाही, आणि बायको बोलावून काय करणार?"

"तुम्ही मला बोलावलंत तेव्हा कुठली पिपाणी वाजवली होती?" आईने चुलीपाशी उभ्या उभ्या विचारले.

बाबांनी ऐकले नाही. टोपी गेल्यापासून कान दोनच उरले होते. त्यांचा नेहमीचा जोडीदार गुडघा मोडून घरी पडला होता, आणि शर्यतीला माणूस हवा होता. "फेब्रुवारीत माझ्याबरोबर बस," ते म्हणाले. "टोपी घरी आली की लग्नाचं बोलू."

तुम्ही विचाराल, मी चोवीस वर्षांची घोडी, पळून का नाही गेले? पळून जाणे सोपे होते. पण मग बाबा मेले तरी माझ्याशी बोलले नसते, आणि त्यांना न बोलण्याची दांडगी सवय होती. मला लेस्टर हवा होता आणि बापही हवा होता. त्या काळी असला हावरटपणा अंगात असे.

मग मास्तरचे शिक्षण सुरू झाले. बाबांनी त्याला गाईच्या शिंगाची पिपाणी दिली. आत पातळ जीभ बसवलेली. तोंडाने फुंकले की त्यातून मरणाऱ्या सशाचा आवाज निघतो. कायोटीला वाटते, कोणीतरी आयते जेवण वाढून ठेवले आहे, आणि तो येतो. इतकी साधी गोष्ट. पण साध्या गोष्टीला पुरुषमाणसाचा हात लागला की तिचे शास्त्र होते.

"कपडे साबणानं धुवायचे नाहीत," बाबा म्हणाले. "आठवडाभर मेंढ्यांच्या गोठ्यात टांगायचे. त्याला माणसाचा वास आला की संपलं. वारा आपल्या तोंडावर, सूर्य पाठीशी. गाडी टेकडीमागं लपवायची. झुडपाला पाठ लावून बसायचं. झुडपाच्या मागं नाही, पुढं. हलायचं नाही, बोलायचं नाही. नाक खाजलं तर खाजू द्यायचं."

"आणि शिंक आली तर, सर?"

"कायोटीला शिंक येते का?"

"येत असावी, सर."

बाबा स्वतः दिवसभर तंबाखू चघळत, आणि तिचा वास बर्फातून अर्ध्या कोसावर येई. कायोटींना तिची सवय झाली आहे, असे त्यांचे मत होते. लेस्टरकडे कोट एकच, त्यामुळे गोठ्यात टांगलेला तोच कोट घालून तो रविवारी चर्चला आला. पाद्रीबाबांनी त्या दिवशी चांगल्या मेंढपाळावर प्रवचन दिले. ते योगायोगाने की वासाने, देव जाणे.

सशाचा आवाज मात्र लेस्टरला पहिल्याच दिवशी जमला. जमला म्हणजे फारच जमला. बाबा म्हणाले, "मास्तर, हा ससा मरतोय की लग्नाच्या मिरवणुकीत निघालाय? सूर सोड. मरताना कोणी सुरात ओरडत नाही."

शर्यतीच्या दिवशी आम्ही तिघे निघालो. पिकअप मी चालवली. मी लहानपणापासून बाबांबरोबर जात होते. वाऱ्याच्या अंगाने वळसा घालून येणारा कायोटी छऱ्याच्या बंदुकीने टिपायचा, हे माझे काम. जोडी मात्र दोघांचीच धरत. आमच्याकडे बायकांच्या हातात बंदूक चाले, फक्त त्या मोजल्या जात नसत.

सकाळ सगळी फुकट गेली. एका ठिकाणी ससा ओरडला, कोणी आले नाही. दुसऱ्या ठिकाणी एक कावळा आला, आमच्याकडे बघून हसला आणि गेला. दुपारच्या सुमाराला बाबांनी आम्हाला आपल्या गुप्त जागी नेले. टेकड्यांमधली एक लांबोडकी घळ, दोन्ही बाजूंना कमरेइतकी राखाडी झुडपे. त्या जागेचे नाव त्यांनी आईलाही सांगितले नव्हते. गाडी टेकडीमागे लपवली. वारा तोंडावर, सूर्य पाठीशी. झुडपाला पाठ लावून बसलो.

या खेपेला बाबांनी ससा बाजूला ठेवला. फेब्रुवारीत कायोटींचे जोड्या जमवायचे दिवस असतात. अशा वेळी परक्या नराचा आवाज ऐकला की जागेचा मालक भांडायला धावून येतो. बाबांनी मोठी पिपाणी काढली आणि मान वर करून नराची आरोळी ठोकली. लांब, उद्दाम, शेवटी खाली घसरणारी.

घळीच्या पलीकडून उत्तर आले.

बाबांचे डोळे भरून आले. माझ्या जन्माच्या वेळी आले होते की नाही, आईला आठवत नाही.

"ऐकलंस?" ते कुजबुजले. "म्हातारा नर आहे. काय छाती आहे बघ!"

त्यांनी पुन्हा आरोळी दिली. पुन्हा उत्तर आले, जरा जवळून. असे पुष्कळ वेळ चालले. हा शिवी द्यायचा, तो दुप्पट शिवी द्यायचा. लेस्टरने मान तिरकी केली होती. वर्गात एखादा मुलगा चुकला की तो तशी करायचा.

"सर," तो हळूच म्हणाला.

"श्श!"

"सर, त्याचा आवाज दर वेळी एकाच..."

"मास्तर, नियम काय?"

"हलायचं नाही, बोलायचं नाही."

"मग?"

लेस्टर गप्प बसला. लग्नाचा प्रश्न होता.

तेवढ्यात पलीकडून सशाची किंकाळी ऐकू आली. मी दचकले. बाबांनी आनंदाने मांडीवर थाप मारली. न हलण्याचा नियम त्यांना लागू नसावा. "ससा धरला त्यानं! बघा, तोंडात घास आहे आणि तरी माझ्याशी भांडायला येतोय. असा नर मी जन्मात पाहिला नाही."

ससा मरत राहिला. फारच सावकाश मरत होता. थांबायचा, दम घ्यायचा, पुन्हा मरायचा. लेस्टरने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. त्याने ओठांना बोट लावून फुंकल्यासारखे केले. मला वाटले, गडी थंडीने गारठला.

आणि मग समोरच्या झुडपांवर दोन कान उगवले.

ताठ, टोकदार, कडेला काळसर केस. कान थोडे पुढे आले, थांबले, डावीकडे वळले. खाली राखाडी केसाळ डोके. बाबांनी रायफल खांद्याला लावली. मीही श्वास रोखला. देवाशपथ सांगते, मी मनात लग्नाचा केक कापायला घेतला होता.

लेस्टर उभा राहिला. नुसता उभा नाही, बाबांच्या रायफलीच्या तोंडासमोर, दोन्ही हात वर करून, सगळा बँड एका क्षणात थांबवायचा असतो तसा.

"थांबा!" तो ओरडला. "माणूस आहे! दोघेही थांबा!"

समोरचे कानही उभे राहिले. कानांखाली हार्लन बॉगसचे तोंड होते, तोंडात पिपाणी, आणि हातातली रायफल सरळ आमच्या झुडपावर रोखलेली.

बाबांनी रायफल खाली ठेवली. नळी बर्फात खुपसून ठेवली. मी तसे केले असते तर त्यांनी मला घरातून हाकलले असते. मग ते नुसतेच आपल्या हातांकडे बघत बसले.

हार्लन घळ उतरून आमच्याकडे आला. त्याचा जोडीदार मागून धापा टाकत येत होता.

"ऑर्व्हल."

"हार्लन."

"तो नर तू होतास?"

"हो. ससा तुझा?"

"माझा."

"ससा बरा होता," बाबा म्हणाले.

"तुझं कातडं भिंतीवर कुठं टांगायचं, ते मी ठरवून टाकलं होतं," हार्लन म्हणाला, आणि एकदम खाली बसला. मग त्याने टोपी काढली. टकलावरून वाफ निघत होती. त्या दोन कानांकडे तो बराच वेळ पाहत राहिला. शर्यतीला टोपी घालू नये, असा नियम कोणी केला नव्हता. एवढ्या शहाण्या माणसांना असला नियम लागेल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसणार. बाबांनी स्वतः इतकी वर्षे ती घालूनच शिकार केली होती. वाऱ्याचा, साबणाचा, नाक खाजण्याचा, सगळ्याचा विचार झाला होता. कायोटीच्या शिकारीला जाताना कायोटी होऊन जाऊ नये, तेवढे मात्र राहून गेले.

"तुला कसं कळलं रे, मास्तर?" हार्लनने विचारले.

"पिपाणीच्या जिभेवर थुंकी गोठली होती, सर. आवाज दर वेळी एकाच जागी फाटायचा. माझ्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा रोज फाटतो."

हार्लन बोडक्या डोक्याने, टोपी काखेत मारून, त्या थंडीत आपल्या गाडीकडे गेला. त्याची गाडी आमच्या गाडीपासून हाकेच्या अंतरावर होती. तीही टेकडीमागे लपवलेली. दोघांची गुप्त जागा एकच होती.

परतताना बाबा खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "तू हललास."

"हो, सर."

"बोललास पण."

"हो, सर."

मला वाटले, लग्नाचे संपले.

संध्याकाळी हॉलमध्ये शर्यत भलत्याच जोडीने जिंकली. टोपी मागितली तेव्हा हार्लन म्हणाला, "वाऱ्यानं उडाली."

"मी पाहिली उडताना," बाबा म्हणाले. "लांब गेली."

गावाने पुढे तीन रविवार टोपी शोधली.

त्यानंतर एके दिवशी हार्लन आमच्या दारात उभा राहिला. त्याने कागदात गुंडाळलेले काहीतरी टेबलावर ठेवले, आईने दिलेली कॉफी उभ्यानेच प्याला आणि गेला. आईने कागद उघडला. टोपी होती. कान मुळापासून कापून टाकलेले, आणि त्या जागी त्याच्या बायकोने नीट टाके घातलेले.

लेस्टर त्या दिवशी आमच्याकडे जेवायला होता. आई म्हणाली, "ऑर्व्हल, टोपी घरी आली. आता बोल."

बाबांनी टोपी उलटीसुलटी करून पाहिली. "मे महिन्यात कोकरं असतात," ते म्हणाले. "जूनमध्ये करा."

बाबा त्यानंतर पुष्कळ वर्षे जगले आणि नवशिक्यांना शिकवत राहिले. धड्यात त्यांनी एक नियम वाढवला: डोक्याला लाल रुमाल बांधा. का, ते कधी सांगितले नाही. हार्लन त्यांच्या आधी गेला. खांदेकऱ्यांत बाबा सगळ्यांत पुढे होते, आणि दोघांनी शेवटपर्यंत त्या दुपारचे नाव काढले नाही, एकमेकांजवळसुद्धा. आईने बाबांमागे मेंढ्या विकल्या आणि कधी नव्हे ती सकाळी उशिरापर्यंत झोपू लागली. शर्यतीला नवी टोपी शिवली गेली, बिनकानांची. का, हे आजच्या मुलांना ठाऊक नाही.

लेस्टरने निवृत्त होईपर्यंत मुलांना शिकवले. आमच्या लग्नाला पन्नास वर्षे पुरी झाली आणि पुढच्या वसंतात तो गेला. जन्मात त्याने एकही कायोटी मारला नाही. पण उन्हाळ्यात ओसरीवर बसून तो क्लॅरिनेट वाजवू लागला की समोरच्या टेकडीवर कायोटी येऊन बसत, आणि बाबा घरात दात खात. टोपी माझ्याकडे आहे. हिवाळ्यात मी ती घालते, उबदार आहे.

कायोटींचे काय झाले विचाराल, तर त्यांचे छान चालले आहे. परवाच एक अंगणातून गेला. मी खिडकीत होते. त्याने माझ्याकडे पाहिले, टोपीकडे पाहिले आणि अजिबात घाई न करता निघून गेला.