मास्तरांची राहिलेली ट्रायल

"ट्रायलला या हं! नाहीतर मग तक्रार चालणार नाही," असं टेलरमास्तर प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. कच्चे टाके घातले म्हणजे कपडा तयार झाला असं समजणाऱ्या माणसांचा त्यांना भारी राग. एका नवरदेवालासुद्धा त्यांनी ट्रायलशिवाय कोट द्यायला साफ नकार दिला होता.

तेच मास्तर हल्ली दुकानाचं शटर अर्धं ओढून पडद्यामागे बसत. गिऱ्हाईक आलं की आतूनच म्हणत, "ठेवा तिथं टेबलावर."

झालं होतं असं. मास्तरांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. तो आतड्याची भिंत ओलांडून शेजारच्या ग्रंथींपर्यंत पोचला होता. ऑपरेशन झालं. सांधलेलं आतडं नीट भरून यावं म्हणून काही महिन्यांपुरती पोटावर शौचाची पिशवी बसवली. "गाठ पूर्ण निघाली," डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी तेवढंच ऐकलं. "पण आता औषधं वेळेवर सुरू करायची," हे पुढचं मात्र त्यांनी कानाआड केलं.

कारण ती पिशवी! वास येईल, आवाज होईल, लोक नाक मुरडतील. बायको देवाघरी गेलेली, मुलगी परगावी. तिचा फोन आला की "मजेत आहे गं" म्हणून हे मोकळे. मित्रांना सांगितलं, पोटाला सूज होती. मित्र संध्याकाळी समोरच्या बाकावर जमत, हसत, आणि मास्तर पडद्यामागून ते ऐकत. त्या वेळी त्यांना फार एकटं वाटायचं.

एका दुपारी शटर खडाखडा वाजलं. मास्तरांची थोरली बहीण आली होती. शाळेतून निवृत्त झाली तरी ताईचा आवाज अजून वर्गातलाच.

"धाकट्या, बाहेर ये!"

"ताई, तू? कळवायचं तरी!"

"कळवलं असतं तर कुलूप लावून बसला असतास. दवाखान्याच्या कागदावर तूच माझा नंबर लिहिलायस, तिथून मला फोन आला. औषधाला गेलाच नाहीस म्हणे?"

"गाठ निघालीय ना. आता काय उरलंय?"

"उरलंय की नाही ते तुला दिसतंय? अरे, डॉक्टरांनासुद्धा दिसत नाही, म्हणून तर औषध! मी सगळं विचारून घेतलंय. नुसत्या ऑपरेशनवर भागत नाही. औषध वेळेवर हवं, अंगात ताकद हवी, थोडं चालणं हवं, तपासण्या चुकवायच्या नाहीत. गिऱ्हाईक ट्रायलला आलं नाही तर तू त्याला काय काय ऐकवतोस? आणि स्वतः? कच्च्या टाक्यांवर जगतोयस तू!"

मास्तर हळूच म्हणाले, "जाऊ कसा, ताई? एकही पँट बसत नाही. पट्टा नेमका पिशवीवर येतो."

ताईला हसू आवरेना. "जगाच्या पँटी शिवणाऱ्याला घालायला पँट नाही! आण ती टेप. हात वर कर."

तिनं पिशवी सांभाळत, बेतानं त्यांच्या कमरेभोवती टेप धरली. दवाखान्यातून आल्यापासून मास्तरांना कुणी हात लावला नव्हता. त्यांना एकदम रडू फुटलं.

"ताई, तुला किळस नाही वाटत?"

"तुझे लंगोट मीच बदललेत, शहाण्या! माप सांगते, लिहून घे."

संध्याकाळपर्यंत पँट उभी राहिली. कंबर चांगली वर चढवलेली, पुढे ऐसपैस, पट्ट्याऐवजी खांद्यावरून पट्ट्या. अर्थात, ट्रायल घेऊनच!

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि स्पष्टच सांगितलं, "उशीर झालाय, पण वेळ हातची गेलेली नाही. हमी मी देत नाही. जे जे करता येईल ते मात्र सगळं करू."

संध्याकाळी परत येताना मास्तर दुकानापाशी न थांबता ताईला घेऊन सरळ बाकाकडे गेले. मित्र वळून बघू लागले.

"मला कॅन्सर झालाय," मास्तर म्हणाले. "ऑपरेशन झालंय. पोटावर पिशवी आहे. पुढची औषधं आजपासून सुरू केलीत."

मित्रांतला एक चष्मेवाला सरकला आणि त्यानं शेजारी जागा केली. "मग बस की इथं! आम्हाला वाटलं, तू आमच्यावर रागावलायस. पुढच्या वेळी औषधाला मी येतो सोबत. ताईंनी किती हेलपाटे घालायचे?"

वाचकहो, आजार लपवला म्हणून तो कमी होत नाही. माणूस तेवढा एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस औषधही टाळतो! सर्जन आपलं काम करून बाजूला होतो. त्यानंतरचं बरंच काम रुग्णाचं आणि तुमचंआमचं असतं. तुमच्याही गल्लीत एखादं शटर असंच अर्धं ओढलेलं असेल. आतल्या माणसाला त्रास नको म्हणून लांब राहू नका. जा, आणि ते वाजवा!