रबर नवं, काच जुनी

दुर्गेशनं जुन्या रबराचं टोक चिमटीत पकडून हिसका दिला, तसं ते ॲम्बेसेडरच्या पुढच्या काचेभोवतून करकरत सुटून आलं. सोबत मूठभर गंज आला आणि बॉनेटवर सांडला.

"पाह्यलं मामाजी? पूर्ण सडलं होतं!"

सासऱ्याला मामाजी म्हणायची इकडची रीत. शालिकरामांनी पाहिल्यासारखं केलं. "हो ना," ते म्हणाले. चोराला त्याच्या देखत तिजोरी दुरुस्त करून दाखवावी, तसा त्यांचा आवाज झाला होता.

दोन वर्षं ही काच गळत होती, आणि दोन वर्षं शालिकराम तिची दुरुस्ती करत होते. पावसाळ्यात आत पाणी येतं, वायरिंग भिजेल, म्हणून गाडी काढता येत नव्हती. उन्हाळ्यात नागपूरच्या उन्हानं रबर ढिलं पडतं, म्हणून बसवता येत नव्हतं. थंडीत ते आकसतं. एकूण वर्षात असा एकही महिना नव्हता, ज्यात ॲम्बेसेडरच्या काचेला रबर लावणं शास्त्राला धरून होतं. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या गल्लीनं हे शास्त्र मान्य केलं होतं. तीस वर्षं सरकारी गाडी चालवलेल्या माणसाशी गाडीवरून कोण वाद घालणार?

जावयानं वाद घातला नाही. तो फक्त मोबाईलवर व्हिडिओ पाहत राहिला आणि आज सकाळी नवं रबर गळ्यात माळेसारखं घालून दारात उभा राहिला. शेजारी असता तर हाकलता आला असता. मेकॅनिक असता तर त्याच्यात खोट काढता आली असती. पण जावई. जावई घरी आला की पाणी द्यावं लागतं, चहा द्यावा लागतो, आणि त्यानं काच मागितली तर काचही द्यावी लागते.

त्यात रविवारी कळमेश्वरला सुमतीबाईंच्या भाचीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. सगळ्यांनी गाडीनंच जायचं, असं दुर्गेशनं चहा पिता पिता ठरवूनही टाकलं होतं. लेकीची, भावनाची, चार वर्षांची रितिका म्हणे समोरच बसणार होती, आजोबांच्या बाजूला.

आणि आजोबांना समोरचं दिसत नव्हतं.

डॉक्टरनं सांगितलं होतं, डोळ्याच्या मागचा पडदा झिजला, चष्म्यानं भागणार नाही. कडेकडेचं दिसायचं, मधलं नाही. समोर माणूस उभा राहिला की त्याचे कान दिसायचे, चेहरा नाही. शेवटची गाडी काढली तेव्हा जरीपटक्याच्या बाजारात केळ्यांचा ठेला आहे हे त्यांना ठेलेवाल्याच्या शिव्यांवरून कळलं. बंपर आणि केळी यांच्यात वीतभर अंतर राहिलं होतं. घरी येऊन ते सुमतीबाईंना म्हणाले, "काच गळून राहिली वं." बाहेर कडक ऊन होतं.

दुसरं काही सांगणं त्यांना जमलं नव्हतं. गल्लीत लहानथोर त्यांना ड्रायव्हरसाहेब म्हणत. ड्रायव्हरातून डोळे वजा केले तर काय उरतं, हा हिशेब त्यांनी मनाशी दोनतीनदा करून पाहिला. दर वेळी नुसता हॉर्न उरला. मग एका दुपारी त्यांनी दाढीचं ब्लेड घेतलं आणि काचेच्या डाव्या कोपऱ्यातल्या रबराला बोटभर चीर दिली, म्हणजे निदान बोललेलं खरं तरी व्हावं.

"मामाजी, तुम्ही गंज घासा. मी काच धुतो."

शालिकराम पॉलिश पेपर घेऊन काचेच्या चौकटीवर वाकले. डोळ्यांपेक्षा बोटं बरी होती. डावा कोपरा त्यांच्या ओळखीचा. तिथं पत्रा कुरकुरीत झाला होता आणि त्यात त्यांचं कर्तृत्व होतं. मग बोटं उजव्या कोपऱ्याकडे गेली. हा कोपरा त्यांनी कधी दुखवला नव्हता. तरी तिथंही गंज होता, आणि गंजात रुतलेलं काहीतरी कडक, बारीक. त्यांनी नखानं उकरून काढलं. एक काडी. मग अजून दोन.

नाकाजवळ नेऊन त्यांनी वास घेतला. आगपेटीच्या काड्या, जळून विझलेल्या, कुणीतरी रबराखाली खुपसलेल्या. त्यांच्या घरात जळकी काडी टाकून देत नसत. गॅसच्या एका बर्नरवरून दुसरा पेटवायला सुमतीबाई त्या एका वाटीत जपून ठेवत.

शालिकरामांनी काड्या खिशात टाकल्या आणि आधी घासलेलीच जागा पुन्हा घासली.

दुपारपर्यंत चौकटीला लाल रंग लागून वाळलाही. काच बसवायची वेळ आली तेव्हा दुर्गेशनं रबराच्या खाचेत सुतळी घातली आणि तिची दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडली. बाहेरून दोघांनी काच दाबून धरायची, आतून एकानं सुतळी ओढत न्यायची, म्हणजे रबराची कड आपोआप पत्र्यावर चढते. आत बसायला सुमतीबाईंना बोलावलं.

"ओढू का?" त्यांनी विचारलं.

"ओढा मामीजी!"

शालिकराम दोन्ही तळवे पसरून काचेवर ओणवे झाले. पलीकडे, वीतभर अंतरावर, बायको होती. त्यांना तिचे कान आणि कानांतली फुलं तेवढी दिसत होती. सोडलं तर काच जाते आणि धरलं तर रविवार येतो. त्यांनी धरलं. सुतळी सरसर निघत गेली, आणि रबर असं बसलं की जणू कारखान्यातून आजच आलंय.

"आता पाणी मारून पाहू," दुर्गेश म्हणाला. "तुम्ही दोघं आत बसा. थेंब दिसला तं आवाज द्या."

दारं लागली, काचा वर गेल्या. दुर्गेशनं पाइप सोडला आणि छपरावर धडधड सुरू झाली. चारही बाजूंनी पाणी वाहत होतं, गाडीत उकडत होतं, आणि उतरून जायला कुठं जागा नव्हती. शालिकरामांनी खिशातून काड्या काढून सुमतीबाईंच्या ओंजळीत ठेवल्या.

त्यांनी त्या पाहिल्या. दचकल्या वगैरे नाहीत.

"उजव्याच कोपऱ्यात काहून?" शालिकरामांनी विचारलं.

"डाव्यात तुमी ब्लेड चालवलं होतं. एका कोपऱ्यातून किती गळन?"

पाणी मागच्या काचेकडे गेलं आणि पुन्हा पुढे आलं.

"कवापासून माहीत आहे तुले?"

"बाजूच्या घरच्या सुनेले आपली भावना समजून झापलं होतं तुमी. ते बिचारी हो बाबा, हो बाबा करत उभी राह्यली."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी काहून नाही बोलले?" सुमतीबाईंनी काड्या पदराच्या टोकात बांधल्या. "मले वाटलं, गाडी गळते तवरक माणूस घरात राह्यते."

बाहेरून थाप पडली. "गळते काय मामाजी?"

"गळते!" सुमतीबाई ओरडल्या. "लय गळते!"

शालिकरामांनी डॅशबोर्डवर हात फिरवला. तो कोरडा ठणठणीत होता. हाताला धूळ लागली. आता जावई रबर काढणार, पुन्हा लावणार, पुन्हा पाणी मारणार. मग थंडी येणार. ही आगपेट्या संपवणार, आपण ब्लेडं संपवणार, आणि दोघं मिळून मरेपर्यंत ह्या काचेची सेवा करणार. त्यांनी बाजूची काच खाली केली. पाण्याचा फवारा सरळ तोंडावर आला.

"नाही गळत," ते तोंड पुसत म्हणाले. "थेंब नाही."

"पण मामीजी तं..."

"त्यायचं सोडा." त्यांनी किल्ली बाहेर धरली. "हे घ्या. तुम्हीच चालवा."

जावयाचा चेहरा त्यांना दिसला नाही, पण पाइप फरशीवर पडल्याचा आवाज आला.

"मले येत नाही मामाजी," दुर्गेश हळू आवाजात म्हणाला. "मले नुसती स्कूटर येते. भावनाले वाटते, मले कार येते. लग्नाच्या वेळी मीच तसं सांगून बसलो. म्हटलं, रबर लावून दिलं तं तुम्ही खुशीत शिकवसान. रविवारी जाताना तुमच्याजवळ बसून पाहीन."

शालिकरामांनी बाहेर धरलेली किल्ली आत घेऊन खाचेत घातली.

"रविवारी बसनं जाऊ," सुमतीबाई म्हणाल्या आणि उतरून मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

शालिकराम डावीकडे सरकले. दुर्गेश ओल्या कपड्यांनी स्टिअरिंगमागे बसला आणि त्यानं परीक्षेला बसल्यासारखा श्वास घेतला. दोन वर्षं नुसती जागेवर चालू-बंद होणारी गाडी खोकत सुरू झाली.

"खाली पाहू नका," शालिकराम म्हणाले. "गिअर कानानं टाकाचा असते. क्लच हळू सोडा. आता इंजिन रडून राह्यलं ना? रडू द्या. अजून थोडं सोडा. हां."

ॲम्बेसेडर फाटकातून इंचाइंचानं गल्लीत निघाली.

"समोर कुत्रं आहे," मागून सुमतीबाई म्हणाल्या.

"दिसलं," शालिकराम म्हणाले.

गाडी आणखी हातभर पुढे गेली.

"नाही दिसलं," ते म्हणाले. "कोणत्या बाजूले?"