शिस्तीचा बाक

मित्रांनो, साक्री तालुक्यातल्या आमच्या लहानशा चर्चमध्ये तुम्ही कधी आलात, तर मागच्या भिंतीला टेकलेला एक जुना सागवानी बाक दिसेल. तोच मी. लोक दारात ताटकळत उभे राहतील, पण माझ्याकडे फिरकणार नाहीत. माझे पाय मजबूत आहेत, पाठ सरळ आहे, ढेकूण तर औषधालाही सापडायचा नाही. तरीही माझ्यावर बसायची सर्वांना धास्ती वाटते.

सुकदेव मिस्त्रींनी मला घडवले, तेव्हा माझी जागा अगदी पुढे होती. लग्नाच्या दिवशी नवरानवरी माझ्यावर बसत. पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी मागे झाली. तिथे मला नवे काम मिळाले. आमच्या मंडळीत कोणी चुकले, की त्याला शिस्त लागते. त्याने माझ्यावर बसायचे आणि येशूच्या आठवणीत वाटली जाणारी प्रभुभोजनाची भाकर समोरून गेली तरी हात लावायचा नाही. मंडळीचे पंच एखाद्या रविवारी मागे येऊन त्याचा हात धरतात आणि त्याला उठवतात, तेव्हाच त्याची सुटका. दारुडे सुटले, भांडखोरही सुटले.

आमचे पंच गिरधरआबा. माणूस सरळ, पण भारी करडा. पाळकसाहेब शहरातून क्वचितच येत, म्हणून शास्त्रवाचन आबांकडे असे. पावसाळ्यात ते बायबलमधला होशेय संदेष्ट्याचा ग्रंथ काढत आणि दर रविवारी एक अध्याय वाचत. होशेयची बायको त्याला सोडून जाते, तसे लोक देवाला सोडून जातात आणि देव त्यांचा न्याय करतो. अधूनमधून दयेचे शब्द येत, ते आबा घाईने उरकत. रागाचे शब्द मात्र असे घुमवत, की लेकरे आईच्या पदरात तोंड लपवत.

दिवाळी सरली की आमच्या गावातली घरेच्या घरे गुजरातेत ऊसतोडीला जातात. चर्च ओस पडते आणि वाचन दहाव्या अध्यायापाशी थांबते. लोक सारे विसरले असतील, म्हणून आबा दुसऱ्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. अकरावा अध्याय कधी आलाच नाही. मला तो ठाऊक होता, कारण पूर्वीचे पाळक वाचत असत. त्यात देवाला आपले हट्टी लेकरू आठवते. त्याला हाताला धरून चालायला शिकवले होते, हे आठवून त्याचे काळीज पिळवटते आणि ठरवलेली शिक्षा त्याच्याने देववत नाही. आमच्या माणसांनी न्याय तेवढा ऐकला.

रूपाली ही आबांची एकुलती लेक. जितेंद्र नावाच्या ऊसतोड्याशी तिचे जुळले आणि लग्न न लावताच ती त्याच्या घरी राहायला गेली. आमच्याकडे कितीतरी जोडपी आधी नांदतात आणि सवडीने लग्न लावतात. पण पंचाच्या लेकीला सूट कशी द्यायची? आबांनी तिला भर उपासनेत माझ्यावर बसवले.

ती दर रविवारी आली, मान खाली घालून बसली. आज तरी बाप मागे येईल, एवढीच तिची आस होती. तिचा जीव कसा तुटत असे, ते मला कळत होते. शेवटी शेजारच्या भागाबाईंनी आबांना गाठले.

“भाऊ, पोर शे तुमनी. हात धरीसन उठाडा तिले.”

“पोर शे म्हणीसनच बसाडी,” आबा म्हणाले. “देवना न्याय बठ्ठासले सारखा शे, घरनासले बी.”

दिवाळी झाली. ऊसतोडीला निघायच्या आदल्या रविवारी आबांनी दहावा अध्याय संपवला आणि ग्रंथ मिटला. तेवढ्यात रूपाली उभी राहिली. पुढचा अध्याय तिने घरी वाचला असावा.

“आबा, पुढला अध्याय बी वाचा ना. उद्या गाडी जाई.”

“आते टाइम नही,” आबा तिच्याकडे न बघता म्हणाले. “पुढला साल तुम्ही परत उनात का वाचसू.”

ती खाली बसली. माझी कड तिने घट्ट धरली होती. मला ओरडून सांगावेसे वाटले, आबा, वाचा हो! पण लाकडाचे कोण ऐकतो? दुसऱ्या दिवशी ती गेली.

होळीच्या सुमारास तिकडून फोन आला. उसाने भरलेली ट्रॉली उलटली आणि रूपाली तिच्याखाली सापडली. तिला माती तिकडेच दिली.

पुढच्या रविवारी आबा वाचायला उभे राहिले नाहीत. ते थेट मागे आले आणि माझ्यावर बसले. चर्चमध्ये चार म्हाताऱ्या होत्या. आबांनी मांडीवर ग्रंथ उघडून अकरावा अध्याय वाचायला घेतला. लेकराला चालायला शिकवल्याच्या ओळीपर्यंत ते आले आणि हमसून हमसून रडू लागले. पुढचे त्यांना वाचता आले नाही.

पाळकसाहेब मुद्दाम शहरातून आले. त्यांनी आबांचा हात धरला.

“उठा आबा. देवाने तुम्हाला क्षमा केली आहे.”

आबांनी हात हळूच सोडवून घेतला.

“देव करी, साहेब. पण माले उठाडनारी गयी.”

तेव्हापासून ते माझ्यावरच बसतात. मित्रांनो, मला रंग लावा किंवा लावू नका, माझे काही म्हणणे नाही. पण आपल्या माणसाला शिक्षा केलीत, तर क्षमेसाठी पुढच्या वर्षाची वाट बघू नका हो. ही माझी कळकळीची विनंती आहे. आज प्रभुभोजन होते. भाकरीचे ताट माझ्यापाशी आले, आबांनी मान हलवली आणि ताट परत गेले.