टाकीवर आडवा पडलेला दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. अस्सल सागवानी आहे, म्हणून अंगात थोडा ताठा आहे; तेवढा चालवून घ्या.

माझी उमेदीची वर्षे एका कॉलेजच्या रसायनशाळेत गेली. मुले घाबरत आत यायची आणि बोटे पिवळी करून बाहेर जायची. मला मोठी मजा वाटायची.

एका संध्याकाळी शिपाईकाकांनी घाईघाईत मला ओढून कुलूप लावले. आत एक मुलगी अजून प्रयोग आवरत होती आणि गॅसची नळी गळत होती. तिने आतून माझ्यावर तीनदा थाप मारली. "मी आहे ना आत!" ती म्हणाली. ऐकणारा मी एकटाच होतो, आणि मला स्वतःहून उघडता येत नाही. सकाळी काकांनी कुलूप काढले, तेव्हा ती माझ्या पायाशीच गतप्राण पडलेली होती.

तेव्हापासून कुलूप लावण्याआधी काका रोज माझ्यावर टकटक करून विचारत, "आत कोणी आहे का?" मुले हसत. पुढे काका निवृत्त झाले आणि ती पद्धतही बंद पडली.

मग जुनी इमारत पाडली. तिच्या जागी नवी विज्ञान इमारत उभी राहू लागली. उन्हापासून वीज बनवणारी, पावसाचे पाणी साठवणारी, जुने लाकूड पुन्हा वापरणारी! माझी निवड झाली तेव्हा मी फुगून गेलो. पण काम पुरे होईपर्यंत मुकादमाने मला जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून आडवे टाकले. दरवाजाची अशी शोभा कुणी केली नसेल.

एका संध्याकाळी मजूर घरी निघाले. टाकीला आतून लेप देणाऱ्या रंगाऱ्याची बायको तिथेच घुटमळत होती.

"मुकादम, आमचे हे कुठं दिसत नाहीत."

"गेला असेल चहाला. तुम्ही व्हा पुढं, ताई." असे म्हणत त्याने मला टाकीच्या तोंडावर सरकवले. आत डोकावून पाहिलेसुद्धा नाही.

मी खालचा श्वास ऐकला. लेपाच्या उग्र वासात तो मंद होत चालला होता. पुन्हा तेच!

तेवढ्यात माझ्या आतल्या अंगावर तीनदा थाप पडली. मागोमाग आवाज आला, "मी आहे ना आत!"

रंगाऱ्याची बायको जागच्या जागी थिजली. "आत पोरगी आहे!"

"पोरगी कुठली? काहीतरीच काय!" मुकादम म्हणाला, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने मला एकटीने ढकलले. खाली रंगारी निपचित पडला होता. तिच्या ओरडण्याने मजूर मागे फिरले; कमरेला दोर बांधून आणि तोंडाला हवेची नळी लावून त्यांच्यातला एकजण उतरला, आणि सगळ्यांनी रंगाऱ्याला वर काढले.

मोकळ्या हवेत तो शुद्धीवर आला. बायको रडत होती. तो इकडेतिकडे पाहू लागला.

"ती पोर कुठं गेली? सारखी हलवत होती मला. झोपूच देत नव्हती."

टाकीत दिवा सोडून पाहिले. आत कोणीही नव्हते.

आता मी नव्या प्रयोगशाळेत ताठ उभा आहे. रंगाऱ्याच्या बायकोने तिथल्या शिपायाला बजावून ठेवले आहे, म्हणून रोज संध्याकाळी माझ्यावर पुन्हा टकटक होते. मित्रांनो, मला तेलपाणी केले नाहीत तरी चालेल. फक्त कोणतेही दार लावण्याआधी विचारत जा, आणि उत्तराला थोडा वेळ द्या. खोली रिकामी दिसत असेल आणि तरी आतून उत्तर आले, तर पळू नका. दार उघडा. ती मुलगी आता स्वतःसाठी हाक मारत नाही.