खोगिरावरची खूण

मित्रांनो, मी गुरांवर मालकाची खूण डागायची एक जुनी लोखंडी डागणी आहे, आणि आधी माझी तक्रार ऐका. ती गुरांचा बडा मालक लूशस हार्बिन याच्याबद्दल आहे. आमच्या फाटकाशी तो कितीदा आला, पण घोड्यावरून एकदाही उतरला नाही. अमेरिकेतल्या ह्या मोंटानाच्या माळावर पाहुण्याला "उतरा" म्हणतात, आणि म्हटलं की उतरायचं असतं. आमची मालकीण केझायाबाई चुलीवर कॉफी ठेवून उन्हात उभी राहायची आणि हा वरूनच बोलायचा, "ओढ्याची जमीन देऊन टाका, बाई. विधवेला एवढं पाणी कशाला?" मेल्याच्या टाचांना आमची माती चालत नव्हती, पाणी मात्र हवं होतं.

केझायाबाई नवऱ्याबरोबर ज्या गाडीतून ह्या माळावर आली, तिच्या चाकाच्या मोडक्या लोखंडी धावेतून माझा जन्म झाला. नवऱ्याने ती ठोकून माझं तोंड नागमोडी वळवलं, चुलीवर भांडं टांगायच्या आकड्यासारखं, वर एका बाजूला उघडं आणि खाली दुसऱ्या. दर वसंतात मी लाल होई आणि आमच्या वासरांवर उमटे. मी शाळा पाहिली नाही. मला एकच खूण काढता येते, पण ती कधी चुकलेली नाही. नवरा तापाने गेला तेव्हा बाईने डोळे पुसले, मला तेल लावलं आणि वासरं दोराने आवळायला स्वतः उतरली.

मग आमची गुरं कमी व्हायला लागली. हार्बिनची खूण म्हणजे एकावर एक दोन कडी. माझ्या आकड्याची दोन्ही उघडी तोंडं तापल्या सळईने बुजवली की झाली त्याची खूण! बाईचा मुलगा टोबायस जाब विचारायला गेला, तर हार्बिनच्या माणसांनी त्याला दोराने बांधून घोड्यामागे फरफटवलं. पोरगा जगला, पण डावा पाय कामातून गेला. मी भिंतीवर थंड लटकले होते. मनात एकच विचार, हार्बिनच्या अंगावर कुठे बसू?

वसंतात सगळ्या मालकांची गुरं एकत्र हाकतात आणि खुणेप्रमाणे वेगळी करतात. तिथे सगळ्यांदेखत केझायाबाईने हार्बिनच्या एका बैलावर बोट ठेवलं.

"हा माझा. कापा आणि सोला. मी खोटी ठरले तर ओढा तुझा, घर तुझं."

"आणि खऱ्या ठरलात तर?" हार्बिन घोड्यावरून हसला.

"तर मी सांगेन ते करायचं."

"सोला रे! बाईंचा ओढा फुकटात, वर जेवणही!"

त्याने जन्मात स्वतःच्या हाताने कातडं सोललं नव्हतं, म्हणून हसला. कातडं उलटं केलं. आतल्या बाजूला माझा आकडा जुना, पांढरा, घट्ट. त्याची तोंडं बुजवणाऱ्या रेषा ताज्या, तांबड्या. आंधळ्यालाही बोटाने कळलं असतं.

 शेजारचा म्हातारा ऑरिन पेक बंदूक मांडीवर घेत म्हणाला, "लूशस, बाई उतरा म्हणतायत."

उतरला! बाईने मला वासरं डागायच्या विस्तवातून ओढलं. त्याचं तोंड पिठासारखं पांढरं. "गालावर, बाई, गालावर!" मी तडतडत होते. पण तिने त्याच्या घोड्याचं खोगीर खाली काढायला लावलं आणि मला त्यावर दाबलं. चामड्याचा धूर त्याच्या नाकात गेला. गाल राहिला तो राहिलाच. मला अजून चुटपुट आहे.

मित्रांनो, आता मी टोबायसच्या नातीच्या घरात असते. ती मला दर वसंतात तेल लावते. तुम्हीही घरातलं जुनं लोखंड गंजू देऊ नका. त्याने तुमच्यासाठी काय सोसलं, हे विसरलात तर तुमचं राखणार कोण?

आणि बाई त्या दिवशी काय म्हणाली, ते मी शब्दन् शब्द जपलं आहे.

"माझ्या टोबायसला घोड्यामागून नेलंत ना? आता हे खोगीर खांद्यावर घे आणि घरापर्यंत तुझ्या माणसांच्या घोड्यांमागून चाल. जिथे जिथे बसशील, तिथे माझ्या खुणेवर बसशील. आणि लूशस, माझ्या फाटकाशी पुन्हा आलास तर लांबूनच उतर."