मिठाच्या घरात उपाशी

मी एक जुनी ग्रंथी आहे, मित्रांनो, आणि जन्मापासून एकाच गळ्यात अडकून पडले आहे. पुस्तकात मला अवटू म्हणतात, दवाखान्यात थायरॉइड. माझ्या मागे श्वासनलिका, पुढे स्नायूंचे पट्टे आणि खाली छातीचं हाड. घोट गिळला की मी जराशी वर जाते आणि लगेच खाली येते. एवढाच काय तो माझा फेरफटका.

लहानपणी याचं काही वाटत नसे. मी होते एवढीशी, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची, आणि सदा कामात गढलेली. अन्नपाण्यातून आयोडीन रक्तात येई. मी ते वेचून घेई आणि त्यापासून संप्रेरक बनवी. शरीराची ऊब, वाढ, डोक्याची तरतरी, सगळं त्याच्यावर चाले. पण माझं कौतुक कोण करणार? हृदयावर माणसं गाणी रचतात. माझ्यावर एक तरी ओळ ऐकलीत का? असो.

माझ्यावर हुकूम चालतो पीयूषिकेचा. ती मेंदूखाली बसणारी ग्रंथी, आकाराने वाटाण्याएवढी, पण तोरा विचारू नका. रक्तात माझा माल कमी पडला की ती निरोप धाडते, "बनव, आणि वाढ!" माल पुरेसा झाला की गप्प बसते. तिच्या या बोलण्या-गप्प बसण्यावरच माझा आकार ठरतो. व्यवस्था चांगली आहे, मी नावं ठेवणार नाही. फक्त कच्चा माल मिळायला हवा, आणि इथेच तर घोडं पेंड खातं.

ज्या बाईच्या गळ्यात मी राहते, ती लग्न होऊन भाज्या खारवणाऱ्यांच्या घरी आली. खाली कारखाना, वर राहायच्या खोल्या. खाली कोबी चिरायचा, मीठ लावून पिंपात दाबायचा, वर दगड ठेवायचा. मिठाची पोती थेट जिन्यापर्यंत रचलेली. पुड्यातल्या मिठाने भाजी काळवंडते, असं तिचे सासरे सांगून गेले होते, म्हणून कामाला जाडं मीठच लागे. तेच मीठ वाडगा भरून वर स्वयंपाकघरातही जाई. पुड्यातल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं आणि त्यांच्या पोत्यात ते नव्हतं, हे कोणाच्या गावीही नव्हतं. बाईने एकदा मिठाचा पुडा आणायची गोष्ट काढली, तर नवरा हसून हसून बेजार झाला. "घरात पोती असताना पुडा? अगं, दुकानदार काय म्हणेल?"

त्यात दुष्काळात तेरावा महिना! कोबीची फाटकी पानं वाया जाऊ नयेत म्हणून घरची मंडळी ती रोज कच्चीच खात. एरवी कोबी बिचारा निरुपद्रवी. पण आधीच आयोडीनचा तुटवडा असताना ढिगाने कच्चा कोबी खाल्ला, तर जे थोडंथोडकं येतं तेही माझ्या हाती नीट लागत नाही.

झालं! माल घटला आणि पीयूषिका ओरडू लागली. "वाढ! अजून वाढ!" मी वाढले. पेशीला पेशी जोडत गेले. पण चुली वाढवून पीठ थोडंच वाढतं? वर्षानुवर्षं तिची हाक थांबली नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय! पुढे माझ्या अंगात गाठी झाल्या, आणि त्यातल्या काही तर तिचंही ऐकेनात. गळ्यातली जागा संपली तशी मी छातीच्या हाडामागे घुसले आणि तिथेच रुतले. बाईने फळीवरची बरणी काढायला हात वर केले की तिचा चेहरा लालबुंद होई, श्वास घरघरू लागे. मी तिचा गळा आवळत होते, मित्रांनो. मला ते कळत होतं, आणि मागे सरायला जागा नव्हती. याहून वाईट कैद मला ठाऊक नाही.

बाईने गळ्याला रुमाल बांधायला सुरुवात केली. भर उकाड्यात कोणी विचारलं तर म्हणे, "घसा धरलाय जरा." मग तिची मुलगी चिंगी, तीही रुमाल बांधून हिंडू लागली. सगळ्यांना हसू आलं. "आईचं शेपूट आहे नुसतं!" बाप म्हणाला.

एका दुपारी बरणी काढता काढता बाईचा श्वासच अडकला. बरणी खाली पडून फुटली. नवरा घाबरला आणि तिला तडक दवाखान्यात घेऊन गेला. चिंगीही मागे लागली.

डॉक्टरीणबाईंनी तिला हात वर करायला लावले, घोट गिळायला लावला. मला चाचपलं. "श्वासनलिका दबली आहे. ऑपरेशन करावं लागेल."

"नको," बाई म्हणाली. "इतकी वर्षं निघाली, आणखी निघतील."

"घरात मीठ कुठलं वापरता?"

"मिठाचं सोडा हो!" नवरा छाती फुगवून म्हणाला. "आमच्याकडे पोतीच्या पोती पडलीत. घरात तेच, कामाला तेच."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर टिपून घेतलं. त्यांनी चिंगीकडे पाहिलं. "आणि तू का गं रुमाल बांधलास? घसा धरलाय?"

चिंगी आईच्या मागे लपली. तिथूनच हळूच म्हणाली, "मला पण आलंय. आईसारखं. पण ते झाकायचं असतं."

बाईने खाली वाकून लेकीचा रुमाल सोडला. त्या इवल्या गळ्यात माझी धाकटी बहीण सुजली होती. तिलाही तेच हुकूम सुटत होते आणि तिचेही हात रिकामेच होते. बाईला रडू कोसळलं. मग तिने स्वतःचा रुमाल काढला आणि म्हणाली, "माझं ऑपरेशन करा. पण हिचं काय करायचं ते आधी सांगा."

चिंगीची सूज अजून मऊ होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं पुड्यातलं, आयोडीनचं मीठ पोटात जाऊ लागलं आणि तिच्या पीयूषिकेचा आरडाओरडा थांबला. गळ्याची सूज हळूहळू ओसरली. तो पुडा नवऱ्याने स्वतः आणला, दुकानदारासमोर मान खाली घालून.

माझा मोठा भाग कापून काढला. उरलेली मी इथेच आहे, त्याच कोंडवाड्यात. बाई रोज सकाळी माझ्या संप्रेरकाची गोळी घेते, त्यामुळे मला कोणी ओरडत नाही. कधी कधी गेलेल्या भागाची आठवण येते. त्याचं काय चुकलं होतं? वाढ म्हटलं, तो वाढला.

मित्रांनो, मला तोंड नाही. आतून दार वाजवायचं तर सुजण्यापलीकडे मला काही येत नाही. म्हणून एवढंच मागते. मिठातलं आयोडीन उडून जातं, तेव्हा मिठाची बरणी झाकून ठेवा. गळा मात्र झाकू नका.