पितळी कडेची पट्टी

मी एक जुनी शिसवी पट्टी आहे, तीस सेंटिमीटर लांबीची. मित्रांनो, रेषा सरळ यावी म्हणून सुताराने माझ्या एका कडेला पितळ बसवले. पण रेषा मी फार थोड्या आखल्या. मी बोटे फोडली.

इंग्रजीच्या सरांचा नियम सोपा होता. बोलताना जितक्या चुका, तितके फटके, मिटलेल्या मुठीवर, पितळी कडेने. फटका नेमका सांध्यावर बसला की कातडी फाटते. तिसऱ्या बाकावरच्या चिमणीची करंगळी मीच मोडली. बडबडी म्हणून तिला घरचे चिमणी म्हणत. त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला तिने तोंड उघडले नाही. गप्प राहण्याला एकच फटका असे. तो ती रोज घेई. मला ओल्या फडक्याने पुसत सर म्हणत, "काय धार आहे!" मला तेव्हा ते कौतुक वाटे.

पुढे सर शेजारच्या वर्गावर गेले आणि आमच्याकडे नव्या बाई आल्या. मला टेबलावर ठेवत सर म्हणाले, "ही राहू द्या. लागेल."

बाईंनी मला पूल केले. फरशीवर खडूने नदी, रस्ते, दुकाने काढली आणि नदीवर मला आडवे ठेवले. एकीने आजारी पडायचे, दुसरीने दवाखान्याची वाट सांगायची, सगळे इंग्रजीत. मध्येच कोणी चूक काढायची नाही. माणूस पोचला की झाले.

चिमणी आजारी झाली. बराच वेळ नुसते ओठ हलले. मग ती पुटपुटली, "व्हेअर हॉस्पिटल?" मैत्रिणीने वाट सांगितली. चिमणी पूल ओलांडून पोचली. वर्गाने टाळ्या पिटल्या.

खेळाचा आवाज ऐकून सर केव्हाचे दारात येऊन उभे होते. "हा वर्ग आहे की बाजार?"

"बाजारच मांडलाय, सर," बाई म्हणाल्या. "या, काय घेणार?"

मुले हसली. सरांचे कान लाल झाले. त्यांनी मला उचलले आणि चिमणीची मूठ धरली. "एक चूक, एक फटका!" बाईंनी मध्ये हात घातला. पितळ त्यांच्या मनगटात रुतले. रक्त खडूच्या नदीत ठिबकू लागले. मी पुन्हा वर गेले.

"सर, नो हिट!" चिमणी किंचाळली. "बाई ब्लड! यू गो! ब्रिंग कापूस!"

जुन्या नियमाने ते पाच फटक्यांचे वाक्य होते. सर मला टाकून कापूस आणायला धावले.

आता माझे पितळ काढून टाकले आहे. मित्रांनो, कोणी अडखळत बोलत असेल, तर त्याला पलीकडे पोचू द्या. मी रोज नदीवर आडवी पडते. चिमणी बोलत बोलत माझ्यावरून जाते. करंगळी मात्र अजून मुठीत लपवते.